सिंधुदुर्गात कधी यावं? आधी तिथी बघा, मग ठिकाणं ठरवा

पुण्याहून सत्तरी गाठलेले आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं घेऊन पाच दिवस सिंधुदुर्गात यायचंय. काय बघावं, एखादी जत्रा किंवा सण सापडेल का, आणि पावसाळ्यात आलो तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी मालवणात पाहुणे उतरवतो आणि त्यांना फिरवतोही. पाहुणे ठिकाणांची यादी घेऊन येतात आणि तारीख सुट्टी बघून ठरवतात. माझ्या मते हे उलटं आहे. ठिकाणं कुठे जात नाहीत. पण किनाऱ्यावर कुठल्या दिवशी काय चाललंय, पाणी किती वाजता चढणार, देवळात रात्री नाटक आहे की कुलूप, हे सगळं तिथीवर असतं. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसा.

आधी भरती-ओहोटीचा हिशेब सांगतो, कारण तो रोज लागतो. तिथीच्या आकड्याचे पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरदुपारी पाणी वर आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला खाली. वद्य पक्षात आकडा पुन्हा एकपासून मोजायचा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा उघडा पडतो, ज्याला हल्ली सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, तो दिवसाउजेडी नीट बघायचा तर अष्टमीच्या आसपासची दुपार बरी. तारकर्लीच्या ओल्या वाळूवर आजी-आजोबांना सूर्यास्ताला सावकाश चालवायचं असेल तर पौर्णिमेचे दिवस घ्या. किनारा रुंद मिळतो आणि एकीकडे सूर्य बुडतोय तोवर माडांमागून चंद्र वर येतो. मात्र हेच उधाणाचे दिवस असतात. पाणी जोरात येतं आणि जोरात जातं. संगमावर, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटी सुरू असताना गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही नाही.

आमच्याकडे दर्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नारळी पौर्णिमेला होतं. राज्यात यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या, स्कुबा, पॅरासेलिंग वगैरे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. त्यामुळे जुलैत येऊन ‘सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय’ म्हणणाऱ्यांना जेट्टीवरूनच हात जोडावे लागतात. श्रावणातल्या पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर वाजतगाजत येऊन दर्याला नारळ अर्पण करतात आणि मग समुद्राचे व्यवहार हळूहळू सुरू होतात. त्या दिवशी नारळ लढवण्याच्या स्पर्धा बघण्यासारख्या असतात. दोघी समोरासमोर उभ्या, दोघींच्या मुठीत सोललेला नारळ, एकीने धरायचा आणि दुसरीने आपटायचा, ज्याचा फुटला तो बाद. अनुभवी बायका आधी नारळ हातात फिरवून, नखाने टिचकी मारून कवटीचा आवाज ऐकतात. मुलांना हे किल्ल्यापेक्षा जास्त आवडतं.

गणपतीत या, असं मी सहसा कुणाला सांगत नाही. सण वाईट म्हणून नव्हे, तो घरचा सण म्हणून. मुंबईचा चाकरमानी त्या दिवसांत गावात असतो, रेल्वे आरक्षण उघडल्यावर मिनिटांत संपतं, महामार्गावर रांगा लागतात, आणि बरेच घरगुती मुक्काम बंदच असतात, कारण मालकाच्याच घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला असतात. पण कुणी ओळखीचं बोलावत असेल तर एकही सबब सांगू नका. गणपतीवर टांगलेली माटवी, तिच्यातली रानातली फळं-फुलं, रात्रीचं भजन, फुगड्या, मोठ्या गावांत दोन बुवांची डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, हे तिकीट काढून मिळत नाही. नारळ आणि उदबत्ती घेऊन जा, आरतीला उभे राहा, तेवढं पुरतं.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा दुर्लक्षित काळ. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तोवर रानफुलं असतात आणि गवत अजून करपलेलं नसतं. याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृती आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पं तर कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिथे कुंपण-फलक फारसं काही नाही, गावातला माणूस बरोबर घ्या. चपला काढा आणि रेषांवर पाय देऊ नका. ऊन तिरपं असताना, सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, रेघा उठून दिसतात. दुपारी बाराला गेलात तर नुसता काळा कातळ दिसेल आणि आई-बाबांना चक्कर येईल.

पाऊस सरला की किनाऱ्यावर रापण लागते. होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंना पंधरा-वीस माणसं दोर ओढायला उभी. पाहुण्याने विचारून दोराला हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. जाळं जवळ आलं की आधी घारी गोळा होतात, मग पाणी रटरटायला लागतं. तारली, पेडवे, बांगडे, नशीब असेल तर सरंगा. वाटे तिथेच वाळूवर पडतात, होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा वेगळा. ठरलेली वेळ नसते. सकाळी किनाऱ्यावर चालायला जा आणि होडी वळलेली दिसली की थांबा. एलईडी दिवे लावून आणि पर्ससीनने, म्हणजे यांत्रिक होडीच्या मोठ्या घेरजाळ्याने, होणाऱ्या मासेमारीमुळे रापणीच्या वाट्याला पूर्वीइतकी मासळी येत नाही, त्यावर इथे आंदोलनंही झालीत. रापणकराशी बोलायला बसलात तर विषय तिथे येणारच.

आता माझ्या आवडीचा काळ. कार्तिकी एकादशीपासून गावोगाव देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि पुढे महिनोन्‌महिने रोज कुठे ना कुठे जत्रा असते. जत्रा म्हटलं की रात्री दशावतार. आमच्या भाषेत धयकालो. मंदिराची पालखी फिरून झाली की अकरा-बाराच्या सुमारास मंडपात एक बाकडं, मागे पडदा, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. एवढाच रंगमंच. आधी गणपती आणि रिद्धी-सिद्धी येतात, मग संकासुर, त्याची लाल जीभ आणि थट्टा. पूर्वरंग आटोपला की मूळ आख्यान लागतं. नाटकाची लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान, कोण कुठला राजा, एवढं ठरतं आणि संवाद जागच्या जागी रचले जातात, कधी कधी दोन राजांची शाब्दिक लढाई अर्धा तास चालते. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात आणि चांगला स्त्रीपार्टी असेल तर शेजारी बसलेल्या तुमच्या आईला ते खरं वाटणार नाही.

एक सांगतो, नाटक सुरू व्हायच्या दोन तास आधी जा आणि रंगपट बघायची परवानगी मागा. नट जमिनीवर ट्रंकेला टेकून बसलेले असतात, हातात छोटा आरसा, आणि आपलं तोंड आपणच रंगवत असतात. सकाळी शेतात काम केलेला माणूस तासाभरात रावण होतो. मुलांना तिथे शांत बसवलंत तर ती नाटकात शेवटपर्यंत जागतील. पहाटे दहीकाल्याने सांगता होते. तुम्हाला पहाटेपर्यंत बसणं जमणार नाही, जमू नये अशी अपेक्षाही नाही. दोन-अडीच तास बघा, जत्रेतला खाऊ म्हणून खाजा बांधून घ्या आणि निघा. खाली बसायला सतरंजी आणि आजी-आजोबांना शाल हवी, कार्तिकात रात्री दव पडतं.

देवळात गाऱ्हाणं चालू असेल तर मधून वाट काढू नका. पुजारी किंवा मानकरी ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. तुम्हीही म्हणा, चालतं.

मोठ्या जत्रांपैकी सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास येते, नवस फेडणारे रात्री मंदिराभोवती लोटांगण घालतात. आणि तिथीचा सगळा हिशेब मोडणारी एक जत्रा आहे, मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची. ती तिथीवर ठरतच नाही. देवीचा कौल घेऊन गावकरी तारीख जाहीर करतात, साधारण फेब्रुवारीच्या आसपासची. लाखोंनी माणूस येतं, रेल्वे जादा गाड्या सोडते, नेते झाडून हजेरी लावतात. रांगेत तासन्‌तास जातात. तुमच्या आई-वडिलांना घेऊन मी तिथे नेणार नाही. पण तारीख मात्र विचारून ठेवा, कारण त्या दोन दिवसांत मालवण-कणकवली-मसुरे रस्त्यांवर गाडी काढण्यात अर्थ नसतो.

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात कुणकेश्वर. मंदिर अगदी समुद्राला लागून, आणि आसपासच्या गावांच्या देवस्वाऱ्या ढोल-ताशांसह तीर्थस्नानाला येतात, त्यात शिवरात्रीला लागून येणारी अमावस्या, म्हणजे पाणी उधाणाचं. गर्दी इथेही दांडगी असते. एरवीच्या साध्या सोमवारी सकाळी सातला गेलात तर हेच मंदिर जवळजवळ एकट्याला मिळतं.

आचऱ्याची गावपळण बऱ्याच जणांनी मोबाइलवर बघितलेली असते. रामेश्वराचा कौल घेऊन काही वर्षांनी एकदा अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. ते बघायचंच असेल तर वेशीबाहेरच्या राहुट्यांत जा, लोक प्रेमाने बोलतील, भजनाला बसवतील. रिकाम्या गावात शिरून चित्रीकरण करू नका. लोकांनी ज्या श्रद्धेने घर सोडलंय तिचा तो उपमर्द होतो.

नाताळ ते 1 जानेवारी मात्र टाळा. तारकर्ली-देवबागचा रस्ता एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या जागेतून जातो, तिथे हजारो गाड्या शिरल्या की पाच किलोमीटरला दोन तास लागतात. खोल्यांचे भाव विचारू नका, आणि जेवणाची चवही त्या आठवड्यात उतरते, हे मी आमच्याच धंद्याबद्दल बोलतोय.

हिवाळ्यात पाण्याखालचं बघायला बरं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत आणि तो परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. वारा नसलेल्या सकाळी, डिसेंबर-जानेवारीत, पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. पण अंदमानच्या चित्रफिती बघून येऊ नका, आमचं पाणी हिरवट आहे आणि आदल्या दिवशी वारा सुटला असेल तर हातभर पुढचंही दिसत नाही. चांगला होडीवाला असल्या दिवशी ‘आज नको’ म्हणतो. जो म्हणत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, ते होडीत चढायच्या आधी बघा.

जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसतात. कासव महोत्सव म्हणून गाजलेलं वेळास हे मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. मालवणला आलोच आहोत तर जाता जाता करू, असं ते होत नाही. वेंगुर्ला तालुक्यात वायंगणीच्या किनाऱ्यावरही घरटी राखली जातात. पिल्लं सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना सोडतात, कुठल्या घरट्यातून कधी निघतील हे आदल्या दिवशीही नक्की नसतं, त्यामुळे जवळ मुक्काम आणि दोन फेऱ्यांची तयारी हवी. टॉर्च आणि फ्लॅश बंद.

फाल्गुनात शिमगा. रत्नागिरीकडे पालखी घरोघर येते, आमच्याकडे कुडाळ-नेरूर भागात रोंबाट. ढोलांच्या गजरात मोठमोठे देखावे आणि सोंगं नाचवत आणतात. गावागावाचे दिवस वेगळे, होळीनंतर कितीतरी दिवस हे चालतं. लहान मुलं आवाजाला घाबरतात, एवढं लक्षात ठेवा.

एप्रिल-मे आंब्याचा. उकाडा सहन होत असेल तर एप्रिलच्या उत्तरार्धात देवगडला बागेत जा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट फळ उतरवतात, कारण देठ मोडला की चीक सालीवर उतरतो आणि डाग पडतो. पेटी पिकलेली घेऊ नका. पाच दिवसांच्या प्रवासात ती गाडीतच जाईल. पूर्ण वाढलेला कच्चा आंबा घ्या आणि घरी गवतात आढी घाला. त्याआधी, मार्चच्या सुमारास, ओल्या काजूगरांची उसळ मिळते, आणि मेमध्ये रतांबे (कोकमाची फळं), करवंदं, जांभळं. महाग हापूसच्या मागे लागून लोक ही उसळ खायची विसरतात.

पावसाळ्याबद्दल विचारलंत म्हणून: समुद्र बंद असताना या, पण समुद्रासाठी येऊ नका. जुलैत भाताचा तरवा, म्हणजे रोपं, काढून लावणी चालते, आंबोलीचे धबधबे भरात असतात (शनिवार-रविवार सोडून जा, मुख्य धबधब्याशी गर्दीत उभं राहायलाही जागा नसते), धामापूरचा तलाव काठोकाठ असतो. हा तलाव 1530 सालचा, त्याला 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. ताजी मोठी मासळी त्या दिवसांत जवळपास नसते. कुर्ल्या, खाडीचे मासे आणि सुकी मासळी यावर भागवायचं. कुणी जुलैत ‘आजची ताजी सुरमई’ म्हणून ताट वाढलं तर ती बर्फातली.

तुमच्यासाठी मी कार्तिक पौर्णिमेनंतरचे पाच दिवस सुचवीन, सोमवार ते शुक्रवार. मुलांची दिवाळीची सुट्टी संपलेली असेल, तर तेवढे दिवस शाळा बुडवा. पहिले तीन मुक्काम मालवण किंवा देवबागेत, पुढचे दोन वेंगुर्ल्यात. रोज सामान हलवून मालवण, देवगड, सावंतवाडी, गोवा असं करू नका.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळची पहिली-दुसरी होडी धरा. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं. वाकडं वळण घेऊन लपवलेला दरवाजा, महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर, आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. चालणं बरंच आहे आणि सावली कमी. आजी-आजोबा मंदिरापर्यंत जाऊन तिथेच बसले तरी चालेल, तटावर मुलांना घेऊन तुम्ही फिरा. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघा. बोली कळणार नाही, गंमत कळेल.

विजयदुर्गला एक पूर्ण दिवस लागतो. तिथे हेलियमचा शोध लॉक्यर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावरून 1868 साली लावला असं हमखास सांगतात. त्या वर्षी 18 ऑगस्टला ग्रहण झालं खरं, पण लॉक्यर तेव्हा इंग्लंडमध्येच होता आणि त्याने सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा तिथूनच, ऑक्टोबरमध्ये पाहिली. विजयदुर्गला तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ बघताना मुलांना हे सांगा. खरी गोष्टही काही कमी रंजक नाही. किल्ल्यापासून जवळच खाडीत मराठा आरमाराची गोदी आहे, ती बहुतेक जण न बघताच परततात.

वेंगुर्ल्याकडे जाताना पिंगुळीला थांबा. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्यात, या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आधी कळवलं तर छोटा खेळ करून दाखवतात. दशावतार रात्री बघणार असाल तर हा थांबा त्याच दिवशी दुपारी ठेवा, रामायण-महाभारतातली तीच पात्रं मुलांना दोनदा भेटतात. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचतगटाच्या महिला वल्ह्याची होडी घेऊन कांदळवन दाखवतात, इंजिनाचा आवाज नसल्यामुळे धीवर आणि बगळे उडत नाहीत. खालच्या अंगाला शिरोड्याची मिठागरं, जिथे 1930 साली सत्याग्रह झाला, आणि रेडीचा द्विभुज गणपती. सावंतवाडीत चितारआळीतली लाकडी खेळणी घ्यायची असतील तर परतीच्या दिवशी.

येण्याचं म्हणाल तर पुण्याहून कोल्हापूरमार्गे फोंडा घाटाने कणकवली किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी. घाट उजेडात उतरा आणि निघायच्या आदल्या दिवशी चालू आहे ना, विचारा. रेल्वेने मालवणला कुडाळ किंवा कणकवली, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, जून ते ऑक्टोबरमध्ये येत असाल तर जुन्या वेळेवर विसंबू नका. आतल्या गावांत एटीएम बेभरवशाचं आणि जत्रेत यूपीआय अडकतं, म्हणून सुटे पैसे ठेवा. मुक्काम ठरवताना घरमालकाला एवढंच विचारा: ‘आम्ही अमुक तारखेला आहोत, पाच कोसांत कुठे जत्रा आहे का?’ तारीख ठरली की मलाही कळवा, त्या आठवड्यात कुठल्या देवळात धयकालो आहे ते बघून सांगतो.